सगळ्यांचा एकच पंप

३ जून
आले बाप्पा एकदाची पुण्यात! कर्वेनगरात खोली मिळाली आणि प्रयोगशाळेत नवा व्हॅक्यूम पंप बसवून चालवायची नोकरीही. पंप तळघरात एकच, पाइप मात्र जुनेच, वरच्या सगळ्या टेबलांपर्यंत. ज्याला लागेल त्याने नळ उघडायचा, पंप हवा ओढून घेणार. ऋतुजा इथे पीएचडी करते. तिने पहिल्याच दिवशी अर्धा डबा मला दिला. प्रयोगशाळेचे प्रमुख दत्तप्रसाद सर म्हणाले, नागपूरची माणसं बोलतात छान, काम करतात का ते बघू. याला म्हणे पुणेरी स्वागत म्हणतात.

११ जून
पंप सुरू! सगळ्यांना बजावलं, नळाआधीच्या बाटलीभोवती बर्फ भरा, म्हणजे रसायनांची वाफ तिथेच थिजेल, पंपात येणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, बर्फ कुणीच भरत नाही. ऋतुजा हसते, चालतंय गं म्हणते. तळघरात गोडसर वास येतो. घसा खवखवतो.

१९ जून
खोकला हटेना. आज छताआड चढून पाहिलं. पंपाची घाण हवा गच्चीवर जातच नाही! शेजारच्या सोसायटीने वासाची तक्रार केली, म्हणून सरांनी पाइप मधेच कापलाय. सगळं तळघरात, माझ्या नाकात. आधीचे ऑपरेटर वैजनाथकाका गावी गेले, असं ऋतुजाने सांगितलं होतं. आज त्यांना फोन लावला, तो त्यांच्या पत्नीने, विमलाबाईंनी उचलला. काका खोकून खोकून वारले म्हणाल्या. काहून गं ऋतुजा? माहीत होतं ना तुला?

२० जून
सरांना तोंडावर सांगितलं, सोमवारी तपासणीची माणसं येतील, त्यांना सगळं दाखवणार. ऋतुजा रडली, लॅबला टाळं लागलं तर तिची पीएचडी बुडाली. मग म्हणाली, उद्या रविवार आहे, दोघी मिळून पाइप जोडू. जीव भांड्यात पडला.

२१ जून
पंप बंद करून तळघरात आलेय. इथली रीत अशी, की दुरुस्ती करणाऱ्याने वरच्या स्विचवर आपल्या नावाची लाल पाटी टांगायची. दुसरं कुणी ती काढत नाही. ऋतुजा म्हणाली, दे, मी टांगते. दिली.

पंप सुरू झाला — दाराला बाहेरून कडी — वरचे नळ उघडलेत, दाबाचा काटा नाचतोय, सगळी वाफ इथेच सुटतेय — फोनला रेंज नाही

केसाने गळा कापलास गं

पंप थांबला. पाइपातून वरचं बोलणं येतंय. ऋतुजाच. सरांना सांगतेय, खोकला अजून ऐकू येतोय, परत लावू का.

तोंड दाबून धरलंय — घशात — येतो आहे, ये—