आबांचा उजवा कान

कर्जत, रविवार, १८ फेब्रुवारी १९७३

दुसऱ्या स्पीकरची पेटी आज पुरी झाली. घरात स्टिरिओ आला एकदाचा. वसंता, माझा शाळेतला सोबती, मुद्दाम ऐकायला आला होता. रेकॉर्ड लावली. डावीकडून गाणाऱ्या बाईंचा आवाज, उजवीकडून तबला, इतकं स्वच्छ! एकाच स्पीकरातून सगळं कालवून येतं, त्याला ही सर नाही. हे माझं मत अजूनही कायम आहे.

मग वडिलांना, आबांना, मधल्या खुर्चीत बसवलं. थोडं ऐकून म्हणाले, "तबला लई झ्याक हाय. पन बाई काय शेजारच्या घरात गात्यात?"

विहिरीवरच्या इंजिनापाशी वर्षानुवर्षं राहून आबांचा डावा कान केव्हाच गेलाय. घरात आम्ही सगळे त्यांच्या उजव्या कानाशीच बोलतो. आणि खुर्ची मांडताना मी नेमकं तेच विसरलो?

डावी पेटी उचलून उजवीच्या शेजारी ठेवली. वसंता हसला. "मग स्टिरिओ केलास कशाला?" खरं आहे त्याचं. महिनाभर रंधा मारला तो यासाठी? पण वाईट वाटलं नाही, का कोण जाणे.

आबा डोळे मिटून मांडीवर ताल धरून बसले. आजवर माझ्या या सगळ्या उद्योगाला ते 'खोकी' म्हणत आलेत. रेकॉर्ड संपली तशी मी सुई उचलली. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"दुसऱ्या बाजूला बी कायतरी असंल ना," म्हणाले, "लाव की."