हत्तीचं नाणं

अहेरी, मे १९५७, रविवार संध्याकाळ

अंग मोडून आलंय, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. प्राणहिता ओलांडताना मी डोंग्यातच पेंगलो आणि आईनं रिवाजाप्रमाणे नदीला पैसा वाहिला. माझ्या खिशातला. हत्तीचं जुनं तांब्याचं नाणं! ते कोणत्या राजाचं, हे शोधायला किती पुस्तकं चाळली.

"खिशात नवे पैसेही होते ना!" मी ओरडलो.

"नव्या पैशाले नदीमाय ओळखन का? काऊन चिल्लावतं?"

भांडायचं त्राणही नव्हतं. आता निदान हत्ती कागदावर काढून ठेवावा म्हणून बसलो, तर सोंड वर होती की खाली, तेच आठवेना. शेवटी आईलाच विचारलं.

"वर होती. चांगला दिसला, म्हणूनच तं देला नदीले."