आकाशातून दिसलेलं तेरखेडा

५ फेब्रुवारी, सोमवार

ऑक्टोपसला तीन काळजं असतात! तीन! सकाळी चहा उकळेपर्यंत फोनवर वाचलं आणि शेडला पोचेस्तोवर तोंडात धरून ठेवलं. फटाक्याच्या कारखान्यात फोन न्यायला बंदी — गेटवर पेटीत टाकायचा, संध्याकाळी उचलायचा. त्यामुळं दिवसभर बारा बायकांचा फोन म्हणजे मीच. त्यांनी कागद गुंडाळायचा, लडी विणायच्या आणि माझं ऐकायचं.

अर्पिता लगेच म्हणाली, एक नवऱ्याला, एक सासूला आणि एक माहेरला. सगळ्या हसल्या. बनामावशी तेवढ्या हसल्या नाहीत. एकतीस वर्षं झाली त्यांना लडी विणायला, माझी जागा त्यांच्या शेजारी. त्यांनी विचारलं, लिवणाऱ्यानं मोजली व्हती का? म्हटलं, मोजली असतील. तर म्हणे, "असतील" म्हंजी न्हाय.

लई खट बाई!

६ फेब्रुवारी

शुक्र ग्रहावर एक दिवस वर्षापेक्षा मोठा असतो. अर्पिताला काळजी पडली — मग तिथं शिफ्ट सुटत कधी असंल?

८ फेब्रुवारी, गुरुवार

काल मुद्दाम असं सांगितलं की ज्याला त्याला घरी जाऊन बघता यावं. शेळीच्या डोळ्यातली बाहुली गोल नसते, आडवी असते, चौकोनी! दारात शेळी कुणाच्या नाही? आज सकाळी गेटवर नुसता गोंधळ. एकीनं शेळीचं तोंड धरून कंदील दाखवला, शेळीनं तिचा पदर खाल्ला. जन्म गेला शेळ्या राखण्यात आणि हे कधी बघितलं नाही, असं जी ती म्हणत होती.

बनामावशींना विचारलं. त्यांच्या दोन शेळ्या आहेत. म्हणाल्या, बघितलं की. गोलच हाय.

मी वाद घातला नाही. पण डोक्यात काहीतरी अडकलं.

१० फेब्रुवारी, शनिवार

अडकलं होतं ते खरं निघालं. सुट्टीत मावशी चहा ओतत होत्या, धार कपाच्या बाजूनं जमिनीवर. त्यांना कळलंच नाही! संध्याकाळी घरापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. दारात उभं करून बोटं दाखवली. दोन दाखवली तर चार म्हणाल्या. उजेडाकडं तोंड केलं तर दोन्ही बाहुल्या दुधाळ. मोतीबिंदू.

मग कबूल झाल्या. दोन वर्षं सगळं बोटांवर चाललंय. लड विणायला डोळा लागत नाही म्हणे. माझा हात धरून बसल्या — कुणाला सांगू नको, मालकाला कळलं तर घरी बसवंल. घरी बसून काय करू मी?

नाही सांगणार. पण असं किती दिवस? फटाक्याचा कारखाना आहे, भाकरीचं दुकान नाही!

१३ फेब्रुवारी

धाराशिवला डोळ्यांचं शिबिर आहे, दोन मार्चला. जीप नेते, जीप आणते, ऑपरेशन फुकट. मावशींना कानात सांगितलं. त्यांनी साफ उडवून लावलं. डोळा काढून गोटी बसवतात म्हणे, त्यांच्या जावेच्या बहिणीला बसवली. मी किती सांगितलं की डोळा काढत नाहीत, आतलं भिंग बदलतात. तर म्हणाल्या, तुझ्या फोनमधलं नगं सांगू.

आता काय करावं या बाईला!

१७ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस सोन्याचा!! सकाळी फोनवर फोटो आला. रात्रीचा आपला देश, आकाशातून काढलेला — दिवाळीच्या रात्री! सगळा देश लाल, हिरव्या, निळ्या, पांढऱ्या ठिपक्यांनी पेटलेला. खाली लिहिलेलं, हा फटाक्यांचा उजेड, अवकाशातून दिसतो. अंगावर काटाच आला माझ्या.

शेडमध्ये सांगितलं आणि हात थांबले सगळ्यांचे. आपण विणलेल्या लडी! चंद्राच्या बाजूनं दिसतात! संध्याकाळी गेटवर फोन हातात आल्यावर एकेकीनं बघितला. तेरखेडा कुठं, तेरखेडा कुठं — मी अंदाजानं एका ठिपक्यावर बोट ठेवलं. अर्पिता म्हणाली, आता मालकाला सांगा, आमचं काम वर दिसतंय, जरा मान द्या.

आणि बनामावशी! तीनदा सांगायला लावलं त्यांनी. मग आपले दोन्ही तळवे कितीतरी वेळ चोळत उभ्या राहिल्या. फोटो त्यांच्या मुलाच्या फोनवर धाडायला लावला. उद्या तालुक्याला, वाशीला जाऊन मोठा करून आणणार, दारात लावणार.

मला रडू आलं, खरंच.

१९ फेब्रुवारी, सोमवार

फोटो काचेत बसवून दारावर लागला! आणि मावशी स्वतःहून म्हणाल्या, "शिबिराला घाल माझं नाव. तू म्हणतीस तर बघू."

घातलं! दुपारीच घातलं! आनंदानं आज दोन लडी उलट्या विणल्या, दोन्ही उसवाव्या लागल्या.

२१ फेब्रुवारी

खोटा आहे.

फोटो खोटा आहे. तसलाच अजून एखादा मिळतो का बघत होते, तर तीन ठिकाणी तेच लिहिलेलं. शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या वर्षांचे गावोगावचे दिवे एकावर एक ठेवून रंग भरलेत, कुठल्या साली किती दिवे वाढले ते कळावं म्हणून. दिवाळीचा काही संबंध नाही. फटाक्यांचा उजेड एवढ्या वरून वेगळा दिसतच नाही.

मी बारा बायकांना वेड्यात काढलं. बाकीच्यांचं एक वेळ सोडा. पण मावशी माझ्या शब्दावर डोळा द्यायला निघाल्यात!

२३ फेब्रुवारी

आज काहीच सांगितलं नाही. अर्पिता विचारते, रेडिओ बिघडला का?

२५ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं तर त्या येणार नाहीत. डोळे जातील, काम जाईल, आणि एखाद्या दिवशी काहीतरी भलतंच होईल. नाही सांगितलं तर डोळा येईल, पण खोट्यावर येईल. सकाळी भाकरी थापताना ठरवलं की ऑपरेशन झाल्यावर सांगायचं. दुपारी कपडे धुताना ठरवलं की कधीच सांगायचं नाही. संध्याकाळी त्यांच्या दारावरून गेले. शेजारच्या सुनेला धरून त्या फोटो दाखवत होत्या. मी मान खाली घालून सटकले.

माझ्यासारखी भित्री मीच.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत, लिंबाखाली, आम्ही दोघीच. सगळं सांगितलं — फोटो कसला आहे, माझी चूक कशी झाली, मला कधी कळलं, आठ दिवस कशी गप्प बसले. शेवटी म्हटलं, मावशी, फोटोचं खोटं निघालं, पण डोळ्याचं खोटं नाही, पाया पडते, शिबिराला चला.

त्यांनी भाकरी फडक्यात बांधली. एकच विचारलं, "आठ दिस?" म्हटलं, आठ दिवस. उठून शेडमध्ये गेल्या आणि लड विणायला लागल्या.

सकाळी सगळ्या बायकांनाही सांगून टाकणार. शिव्या खाईन.

१ मार्च

शिव्या खाल्ल्या. पण थोड्याच! अर्पिता म्हणाली, फोटो खोटा असंल, आपल्या लडी काय खोट्या हायत का? वाजतात की. सगळ्या परत हसायला लागल्या, आणि मी जरा श्वास घेतला.

मावशी कामावर आल्या नाहीत. घराला कुलूप.

२ मार्च, शनिवार

सहाला जीपपाशी गेले, म्हटलं निदान त्यांची जागा दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगावी. तर मावशी पुढच्या सीटवर! नवं लुगडं, मांडीवर पिशवी, शेळ्या कालच लेकीकडं सोडून आलेल्या. मला म्हणाल्या, उशीर किती गं तुला.

मी पण मागं चढले, धाराशिवपर्यंत गेले. तिथं डॉक्टर आत नेताना मावशींनी माझं मनगट एवढं दाबलं की बांगडी वाकली.

३ मार्च, रविवार

पट्टी निघाली. दिसतंय! भिंतीवरचं कॅलेंडर दिसतंय, नर्सबाईच्या कानातलं दिसतंय, मी दिसतेय!

मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "फोटू खोटा हाय ते मला वाशीतच कळलं हुतं. काच बसवणाऱ्यानंच सांगितलं. नाव घालायला काय जातंय, म्हणून घातलं. तुला कळल्यावर तू सांगतीस का न्हाय, ते बघत हुते म्या, फोटू दारावर लावला त्यो बी त्याचसाठी. सांगितलं नसतंस, तर जीपमधी बसलेच नसते."