बिरप्पांचा लांडगा आणि मी उचललेला भंडार

सोलापूर,
पौष वद्य दशमी, शके १८५०

तीर्थस्वरूप येडूतात्यांच्या पायांवर पुतण्या धुळा याचे डोके. इकडे मी खुशाल आहे. तिकडे तुमचा गुडघा, तानाकाकींचा दमा आणि एकशेचाळीस मेंढरे खुशाल असावीत. काळ्या मेंढीला काय झाले, नर की मादी, ते कळवावे. (श्रीमंत मास्तर, पत्र तात्यांना तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून सांगतो. कंसातले मोठ्याने वाचायचे नाही. ते तुमच्यासाठी आहे. मंद्रूपच्या शाळेत आपण एका फळीवर बसलो आहोत, त्याची आठवण ठेवा.)

पत्रास कारण की, काही विशेष नाही. (विशेष आहे.) मी कॉलेज अर्ध्यावर सोडले याचा तुमचा राग अजून गेला नसेल. पण प्रोफेसरांनी भर वर्गात मेंढराला मूर्ख प्राणी म्हटल्यावर येडूतात्यांच्या पुतण्याने बसून राहावे काय? मी उठलो तो थेट पुणे स्टेशनावर जाऊन थांबलो. आता इथल्या एका गिरणीत हजेरी मांडायला आहे आणि रागाचे म्हणाल तर तो मी पुष्कळ कमी केला आहे. गेल्या सबंध पंधरवड्यात एकदाच संतापलो. त्याचीच हकीकत लिहितो.

आमच्या चाळीत माझ्या भिंतीला भिंत लावून बिरप्पा राहतात. आपल्यातलेच. पूर्वी मेंढरे राखीत, आता गिरणीच्या फाटकावर दरवान आहेत. मेंढरे सुटली पण जनावरांचा नाद सुटला नाही. त्यांच्याकडे एक मोर आहे, त्याचे नाव मामलेदार. तो पत्र्यावर उभा राहून सगळ्यांकडे पाहतो आणि कोणी मान वर केली की ओरडतो. एक एकडोळ्या एडका आहे, त्याचे नाव जावई, कारण तो दारात बसून खातो आणि कामाला उठत नाही. तिसरा लांडगा. होय तात्या, लांडगा. माळावर डोळे न उघडलेला सापडला, बिरप्पांनी मेंढीच्या दुधावर वाढवला. आता चांगला पुरुषभर लांब झाला आहे. पण भाकरी आणि ताक याखेरीज काही खात नाही, म्हणून त्याचे नाव संन्याशी. जावयाच्या पाठीवर हनुवटी टेकून झोपतो. हे पाहून तुम्हांला घेरी येईल, मला रोज येते. (जनावरांना ही नावे देणारी बिरप्पांची मुलगी मायाक्का. चौथी शिकलेली. मास्तर, काय सांगू! मी तिच्यावर सतरा कविता केल्या. त्यातल्या बारा जावयाने खाल्ल्या. उरलेल्या पाच कुठे गेल्या, पत्ता नाही.)

आता आवाजाचे ऐका. गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की संन्याशी मान वर करून त्याला उत्तर देतो. उत्तर असे हुबेहूब, की नव्या माणसाने दोन भोंगे झाले असे शपथेवर सांगावे. सहा दिवस हे ठीक आहे. पण लांडग्याला वार कळत नाही; आजवर रविवारी तो वाट पाहून झोपून जाई, इतकेच. गेल्याच्या गेल्या रविवारी, गिरणीला सुट्टी, तो नेहमीच्या वेळी कान टवकारून बसला. भोंगा होईना. थोडा वेळ वाट पाहिली आणि मग गिरणीचे काम अडून राहू नये म्हणून ते त्याने स्वतःच अंगावर घेतले.

आमच्या चाळीत कोणी पंचांग पाहून उठत नाही, भोंगा ऐकून उठते. सगळी चाळ भाकरी फडक्यात बांधून धावली. सगळ्यांच्या पुढे कोण, तर बिरप्पा! ज्याचा लांडगा तोच माणूस किल्ल्यांचा जुडगा वाजवीत पळत होता आणि त्यानेच फाटक उघडले. मी वही काढून हजेरी मांडली. त्रेचाळीस हजर. जोतीराम नावाचा, मागावर काम करणारा साचेवाला दोन मिनिटे उशिरा आला, त्याला मी आत घेईना. तो म्हणाला, "आवो धुळाजी, आत काय वाजतंय ते तरी ऐका की. येकबी साचा चालू न्हाई!" मी म्हणालो, "सबबी सांगू नका." आमची गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली. तेवढ्यात आवारात राहणारे साहेब झोपेच्या कपड्यांत बाहेर आले. त्यांनी माझी वही पाहिली, आभाळाकडे पाहिले आणि विचारले, "आज वार कोणता?" त्रेचाळीस माणसे एकमेकांच्या मागे सरकू लागली. शेवटी जोतीरामच बोलला, "रविवार. पन मला आत घेतलेलं न्हाई, मी ह्यात न्हाई!"

तात्या, त्यानंतर मी चाळीत परतलो तो कसा परतलो, मला आठवत नाही. बिरप्पांच्या दारात रविवारची देवाची पूजा मांडली होती, ताटात बेल आणि हळदीचा भंडार होता. मी ताटात हात घातला, मूठभर भंडार उचलला आणि साऱ्या चाळीदेखत बोललो, "येत्या अवसेनंतर शेजाऱ्याचं एकही जनावर या चाळीत राहिलं, तर मी मिशी उतरवीन आणि धुळा हे नाव टाकीन!" बिरप्पा रागावले नाहीत. त्यांनी भंडार कपाळाला लावला आणि म्हणाले, "पोरानं देवाचा भंडार उचललाय. आता त्येलाबी माघार न्हाई, मलाबी न्हाई. अवसेला गाडी जुपतो." तेव्हापासून ते माझ्याच उंबऱ्यासमोर बसून गाडीच्या कण्याला वंगण लावीत असतात आणि मला रामराम घालतात.

(पुढे ऐका, मास्तर. हात पिवळा घेऊन मी वळलो, तर दारात मायाक्का. म्हणाली, "जनावरं बाबाची न्हाईत, माझी हायत. ती जातील तितं मी जानार. अक्कलकोटाला मावशी हाय माझी. तुमी ऱ्हावा हितं गपगुमान, कविता करत!" मास्तर, त्या पाच कविता कुठे गेल्या ते मला त्या क्षणी कळले. आठ दिवस मला अन्न गोड लागले नाही. मोर ओरडला की वाटायचे, ओरड बाबा, अवसेनंतर कोण ओरडणार आहे!)

तर असे सर्व माझ्या मनासारखे झाले आहे. शनिवारी अमावास्या, जनावरे जातील, चाळ शांत होईल आणि मी आनंदात आहे. (मी आनंदात नाही. काल नळावर ती घागर लावून उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भंडार उचलून काय म्हनला हुतासा? शेजाऱ्याचं जनावर. व्हय ना?" मी म्हणालो, "व्हय." ती म्हणाली, "माझ्या लग्नात बाबा तिनीबी जनावरं आंदन देनार हायत. आंदनाचं जनावर आपलं असतंय का शेजाऱ्याचं, ते तुमच्या कालिजात शिकवत न्हाईत वाटतं!" आणि घागर उचलून गेली. मी इंटरपर्यंत शिकलेला माणूस. अर्थ डोक्यात शिरेपर्यंत माझी बादली तीनदा भरून वाहिली.)

काकींना दंडवत. गाभण मेंढ्यांना जपावे.

आपला आज्ञाधारक,
धुळा

ता. क. तुम्ही मुद्दाम इकडे येण्याचे काहीच कारण नाही. गुडघा सांभाळावा.

ता. क. दुसरा. (मास्तर, आता तात्यांच्या हातातली काठी काढून घ्या, काकींना जवळ बसवा आणि पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचा. या वेळी कंसासकट.)

ता. क. तिसरा. तात्या, आता सर्व कळलेच आहे. मी बिरप्पांना विचारले. ते म्हणतात, वडीलधारे कोणी मागणी घालायला आले तर बसायला पाट मांडू आणि आंदणाची जनावरे तेव्हाच देऊन टाकू, पण अवसेच्या आत. म्हणून गुरुवारी यावे. येताना एकच करावे. घोंगडी घरी ठेवून यावे. घोंगडीशिवाय तुम्ही कोणाच्या दारात गेला नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण संन्याशी मेंढीच्या दुधावर वाढला आहे. मेंढराचा वास आला की आई आली असे समजून तो मांडीवर चढून बसतो आणि आनंदाने रडतो. बोलणी चालू असताना असे झाले, तर भोंगा झाला असे वाटून बिरप्पा फाटक उघडायला पळतील आणि माझे लग्न तिथेच राहील.

ता. क. चौथा. मायाक्काला आत्ताच विचारले. ती म्हणते, घोंगडी आणू द्या. ज्या माणसाच्या मांडीवर लांडगा बसला तरी तो उठत नाही, त्याच्या घरात सून म्हणून यायला तिची हरकत नाही. तेव्हा घोंगडी आणावी. आणि तात्या, देवाची शपथ (या वेळी भंडार न उचलता), उठू नका.