पडद्यावरचं माझं एक वाक्य

शांघाय, वसंत १९३७

आईच्या पायांवर डोकं ठेवून गेनशेंग लिहितो,

मी बरा आहे. तू पाठवलेली सुकी मोहरीची भाजी भाताबरोबर रोज खातो. तुझा खोकला कसा आहे?

सिनेमात मला एक वाक्य मिळालं होतं. जळक्या गल्लीत उभं राहून म्हणायचं, "डाकूंनी माझ्या बापाला मारलं." लेखकाने मारणाऱ्यांचं खरं नाव लिहिलेलं, ते सरकारी सेन्सॉरने खोडलं. पण कॅमेरा सुरू झाला आणि माझ्या तोंडून "जपान्यांनी" निघालं.

दिग्दर्शक फानसाहेब ओरडले, "अरे दीडशहाण्या, जपानला दुखवायचं नाही असा सरकारचा हुकूम आहे, स्टुडिओला टाळं लावतोस काय?"

मी म्हटलं, "साहेब, आमच्या गल्लीवर विमानातून बॉम्ब टाकणारे डाकू मी तरी बघितले नाहीत."

फाटकावरच्या गुंडाने मला कॉलर धरून बाहेर काढलं. फार लागलं नाही, डोळा उघडतो आता.

चीड येते गं! बाबांना जाऊन पाच वर्षं झाली, तरी मारणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. फिल्म महाग, म्हणून दृश्य ठेवलंय, फक्त माझा आवाज काढून टाकला.

सिनेमा तिकडे आला की मामांना घेऊन जा. माझे नुसते ओठ हलतील. शेजारणीने विचारलं, "काय म्हणतोय गं तुझा पोरगा?" तर मोठ्याने सांग.

तुझा,
गेनशेंग