पहिल्या गोळीचा मान

तीर्थस्वरूप नाथाजीदादा यांच्या पायांवर (रागानं आखडून घेतले असतील तर जिथं असतील तिथं) धाकटी बहीण मनुबाई सांगलीहून डोकं टेकते.

आमी इकडं सगळी बरी हाय. तुमचा गुडघा कसा हाय, शेरड्या व्याल्या का, वहिनीचा खोकला हटला का, ते कळवा. तुमी न कळवलं तरी तुमची सून राणी कळवतीच, पण तुमी कळवलं तर बरं वाटतं. फोन तुमी उचलत न्हाईसा. बोलून पाठवलेलं ऐकत न्हाईसा. म्हणून हे हातानं लिहायला बसले. माझी शाळा चौथीत सुटली ते तुमास्नी ठाऊक हाय, तवा काना-मात्रा कुठं सांडला असंल तर राणीनं गोळा करून घ्यावा. राणी, बाळा, सासऱ्याला समोर बसव आणि मोठ्यानं वाच. उठून चालले तर मागं मागं जाऊन वाच. गुडघा धरलाय, लांब जात न्हाईत.

तुमी सगळ्या माण तालुक्यात सांगत सुटलाय म्हणं, की मनीनं व्याह्यांच्या देखत माझी शोभा केली. दादा, तुमी अर्ध्यातनं उठून गेलासा, म्हंजे तुमच्याजवळ अर्धीच गोष्ट हाय, आणि अर्धी गोष्ट आणि अर्धी भाजलेली भाकरी, दोन्हीनं पोटच दुखतं. म्हणून मी पहिल्यापासनं सांगते. तुमी तिथं होतासा हे खरं, पण फुगलेल्या माणसाला समोरचं दिसत न्हाई.

आमच्या ह्यांना फौजेतनं घरी येऊन दोन वर्सं झाली. तवापासनं रोज सकाळी स्वयंपाकघरात माझी हजेरी घेतात. डबे उंचीपरमाणं का न्हाईत, चादरीची घडी चौकोनी का न्हाई, शेजारीण न विचारता आत कशी आली. मी एक दिवस सरळ सांगितलं, एक तर तुमी नोकरी धरा, न्हाईतर मी फौजेत जाते. मंग त्यांनी अनंतशेठच्या हळदीच्या गोदामावर बंदूकवाल्या राखणदाराची जागा बघितली आणि लायसन काढून ते बारकं पिस्तूल घेतलं. एवढंसं हाय बघा, माझ्या मिसळणाच्या डब्यात मावंल. (मावतं. मी घालून बघितलं. मोहरीच्या वाटीजवळ. त्यावरनं मला जे बोलणं बसलं ते इथं लिहीत न्हाई, कागद पुरायचा न्हाई.) शेठनं ते बघितलं आणि म्हणाला, हवालदार, ह्येनं चोर मरंल का हसून मरंल? नेम सरळ जातो का, पडलं तर फुटतं का, आणि माझ्या गोदामात हळदीचा धुरळा हाय त्यात चालतं का, हे डोळ्यानं बघितल्याबिगर मी कागदावर सही करणार न्हाई. म्हणून नेमबाजी क्लबाच्या रेंजवर परीक्षा ठरली. रेंज म्हंजे लांबलचक शेड, ह्या टोकाला माणूस, त्या टोकाला कागद, मागं मातीचा ढीग.

नेमकं त्याच रविवारी आपल्या राजेश्वरीच्या लग्नाचा बस्ता बांधायला वडूजहून व्याही आणि विहीणबाई भामाबाई येणार. हे म्हणाले, सगळेच चला रेंजवर, व्याह्यांना बी कळू दे आपुन कोण हाय ते. आणि तुमास्नी फोन कुणी केला? मी केला. काय सांगितलं? दादा, पहिली गोळी तुमची. का सांगितलं, ते तुमास्नी बी ठाऊक हाय आणि मला बी. साताऱ्याच्या भरतीत डाक्तरनं तुमचे तळपाय बघितले आणि सपाट हाय म्हणून माघारी धाडलं, तवा तुमी चुलीपुढं बसून पायच बघत राहिला होतासा. जेवला न्हाईसा. मी ल्हान होते पण आंधळी नव्हते. त्याच्यानंतर गावातलं कुणी बी पोरगं भरती झालं की पेढे तुमी वाटायचा आणि स्वतः खायचा न्हाईसा. तवापासनं माझ्या मनात होतं, एकदा तरी दादाच्या हातनं बार झाला पाहिजे.

आता रेंजवरचं. पुऱ्या, उसळ, नारळ, ताट, अगरबत्ती असं सगळं घेऊन मी उतरले तर तिथला शिकवणारा अवधूतसर माझ्याकडं असा बघायला लागला जशी मी वरात घेऊन दवाखान्यात शिरलेय. पोरगा चांगला हाय, पण कोरडा. मी म्हटलं, खंडेनवमीला आपुन कोयता पुजतो, खुरपं पुजतो, ट्रॅक्टरला हार घालतो, मंग ह्या लेकरानं काय पाप केलंय? हळद-कुंकू लावलं, वर गोडेतेल सोडलं, मोगऱ्याचा गजरा गुंडाळला, अक्षता टाकल्या. (अक्षता आत कशा गेल्या ते मला ठाऊक न्हाई. एक तांदूळ त्येला गोळ्यांच्या खोक्यात घावला. तो त्यानं चिमट्यानं काढून माझ्यापुढं धरला. मी तो उचलून परत ताटात टाकला.) मंग तो दात घासायच्या बुरशानं ते घासत बसला आणि ह्या रिकाम्या येळेत आमच्या ह्यांनी फेटे काढले. एक तुमास्नी बांधला, एक व्याह्यांना. इथवर सगळं झ्याक होतं. तर हे छाती काढून म्हणाले, पहिल्या गोळीचा मान व्याह्यांचा.

दादा, मी देवाशपथ सांगते, मी त्यांच्या पायावर पाय दिला. जोरात दिला. पण पायात फौजी बूट, त्यांना कळलंच न्हाई. मी वर बघते तर तुमी फेटा उतरून खुर्चीवर ठेवलेला आणि तुमची पाठ फाटकातनं बाहेर चाललेली. भामाबाईंना वाटलं लघवीला गेलासा. पुऱ्या वाढून त्या तुमची वाट बघत बसल्या, आणि तुमी तवर दहिवडीच्या यष्टीत.

आता इथून पुढची अर्धी गोष्ट, जी तुमास्नी ठाऊक न्हाई. नीट ऐका.

व्याही उभे राहिले. आयुष्यभर हापिसात खुर्चीवर बसलेला माणूस, गलोल सुदिक हातात धरलेली न्हाई. अवधूतसर म्हणाला, कानावर हे डबे घाला, न्हाईतर कान बसतील. डबे फेट्यावर बसंनात. फेटा काढा म्हणाला. मानाचा फेटा, बांधून घटका झाली न्हाई, तो कसा काढणार? व्याही म्हणाले, मान गेला तरी चालंल पण फेटा जाणार न्हाई. (मला वाटतं त्यांना उलटं म्हणायचं होतं, पण घाबरले होते.) शेवटी फेट्याच्या आत कानात कापूस कोंबला. अवधूतसरनं मागनं दोन्ही हात धरले, डोळे मात्र व्याह्यांनी स्वतःच्या मर्जीनं मिटले, आणि बार काढला. आपला कागद कोरा. शेजारच्या गाळ्यात मयूरी म्हणून कॉलेजची पोरगी सराव करीत होती, तिच्या कागदावर बरोबर मधोमध भोक. ती म्हणाली, काका, सकाळधरनं मला हे जमत नव्हतं. काकांना ऐकू आलं न्हाई. त्यांना त्याच्यानंतर सांजेपर्यंत काहीच ऐकू आलं न्हाई. (त्यामुळं बस्ता मात्र लय झटपट झाला. प्रत्येक साडीला मान डोलवत होते. भामाबाईंनी त्यात स्वतःच्या बहिणींच्या बी साड्या उरकून घेतल्या.)

आणि आता मुद्दा. अवधूतसरच्या हातात कागद-पेन होतं, पण त्यानं ह्या गोळीचं काही लिहिलं न्हाई. मी विचारलं, का रं बाबा, मानाची गोळी हाय, मांड की. तो म्हणाला, मावशी, तेल लावलेल्या नळीची पहिली गोळी कुठं बी जाते. ती नुसती नळी साफ करायला. परीक्षेत धरत न्हाईत.

ऐकलं का दादा? धरत न्हाईत. मला तिथंच फुगडी घालावी वाटली. तुमी ज्या मानासाठी उपाशी पोटी यष्टीत बसलासा तो मान म्हंजे मोरीत बोळा फिरवल्यासारखा होता. बोळा व्याह्यांनी फिरवला. रुसलासा तुमी.

मंग ह्यांनी परीक्षेचा बार सुरू केला. काही म्हणा, माणूस घरात तिरका असला तरी नेम सरळ हाय. सगळी भोकं जवळजवळ. शेठ म्हणाला, जवळ म्हंजे किती? टेप कुणाकडं न्हाई. मी डब्यातली पुरी काढली आणि कागदावर ठेवली. सगळी झाकली. शेठ म्हणाला, पुरी मोठी हाय. मी म्हटलं, शेठ, माझी पुरी सांगलीभर एकाच मापाची असते, शंका असंल तर खाऊन बघा. त्यानं खाल्ली. मंग पिस्तूल मातीत पाडलं, फरशीवर पाडलं, बादलीत बुडवलं, परत बार, परत बार. काही झालं न्हाई. शेठ म्हणाला टेम्पोखाली घालू. अवधूतसर म्हणाला, शेठ, मंग तुमी बी झोपा शेजारी.

राहिली हळदीची परीक्षा. शेठनं गोदामातनं बारीक दळलेल्या हळदीची पिशवी आणली होती, ती परातीत ओतली. पिस्तुलाचं तोंड चिकटपट्टीनं बंद करून ते त्यात कणकेसारखं लोळवलं. सगळी परातीभोवती वाकून बघत होती. उकाडा असा की माझा जीव नुसता शिजत होता, आणि कोपऱ्यात क्लबाचा मोठा पंखा बंद. कुणी लावंना. मला कुणाची वाट बघायची सवय न्हाई. मी लावला.

दादा, काय सांगू. आधी काही दिसंना. मंग सगळी दिसली, पण पिवळी. शेठ पिवळा, अवधूतसरच्या मिशा पिवळ्या, शेजारच्या मयूरीची वेणी पिवळी, आणि व्याह्यांचा पांढरा फेटा-शर्ट असा की आता जेजुरीला न्यायचंच बाकी. मला वाटलं मोडलं लग्न. तेवढ्यात भामाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, अगं बाई, पोराच्या आधी बापालाच हळद लागली, आता ह्यांना कोण करून घेणार? आणि अशा हसायला लागल्या की खाली बसल्या. मंग सगळीच बसली. व्याही तेवढे उभे, काय झालं, काय झालं म्हणून विचारत. ह्या बाईच्या घरात माझी राजेश्वरी सुखात राहील, मला त्याच घटकेला कळलं.

पिस्तूल पुसलं, चिकटपट्टी काढली, आणि चाललं. बार झाला की वरनं पिवळा धूर. शेठ खुश. म्हणाला, हवालदार, हे आपल्या सांगलीचंच दिसतंय. आता एक गोळी राहिली होती, ती उडवली की सही. ह्यांनी हात पुढं केला आणि मी त्या गोळीवर हात ठेवला. म्हटलं, ही न्हाई. ही माझ्या दादाची. ह्यांनी डोळे वटारले, शेठ म्हणाला, बाई, नोकरी अडकंल. मी म्हटलं, अडकू दे. दोन वर्सं हजेरी दिली, अजून आठवडाभर देईन. अवधूतसरला सांगितलं, ही कपाटात ठेव, वर नाव लिही, नाथाजी. त्यानं लिहिलं. आणि दादा, ही गोळी परीक्षेत धरतात. मी दोनदा विचारलं.

तर शेठ येत्या रविवारी परत येणार हाय. तुमी बी या. बार काढा आणि लग्नाला सरळ राजेश्वरीच्या मागं उभं राहा. मामाबिगर पोरगी बोहल्यावर चढली तर लोक मला न्हाई, तिला विचारतील. ती काल विचारत होती, मामा खरंच येणार न्हाई का? मी तिला काय उत्तर देऊ ते सांगा. वहिनीला नमस्कार, राणीला आशीर्वाद, शेरड्यांना बी.

तुमची,
मनी

ता. क. तुमचा फेटा माझ्याजवळ हाय. पिस्तूल पुसायला त्या गडबडीत तोच हाताला लागला. धुतला. हळद जात न्हाई.

दुसरा ता. क. लिहायचं नव्हतं पण लिहिते. व्याही बी रुसलेत. परवा फोन आला होता, पहिल्या गोळीचा मान मिळाला म्हणून वडूजभर पेढे वाटले म्हणून सांगत होते. मला राहवलं न्हाई. मी सांगितलं, ती गोळी धरत न्हाईत. मला वाटलं कान अजून बसलेले असतील, म्हणून मोठ्यानं सांगितलं. कान उघडलेत. आता म्हणतात, तारीख पुढं ढकला. भामाबाई आत हसतात आणि बाहेर येऊन म्हणतात, कुणीतरी मानाचं माणूस पाठवा, तुमी मातूर येऊ नका.

तिसरा ता. क. हा राणीनं हळू वाचावा. दादा, वडूज तुमास्नी जवळ हाय. नारळ आणि टॉवेल-टोपी घेऊन उद्याच्या उद्या जावा. रुसलेल्या माणसाला काय बोललेलं आवडतं ते तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक न्हाई. शेवटची गोळी, तुमच्या नावाची, आता व्याह्यांसाठी ठेवलीय म्हणून त्यांना सांगा. व्हय, त्यांनाच. मला ठाऊक हाय मी काय मागतेय ते. लग्न पार पडू दे, मंग आपुन दोघं तुमच्या ओट्यावर बसून मनासारखं रुसू. माझं बी लय दिवसांचं राहिलंय.