क्लिक बंद करायची नाही

२ जून
आले बाबा एकदाची चेन्नईला! बँक सोडून रॉक बँडमध्ये ड्रम वाजवणार म्हटल्यावर आई म्हणाली, मधुवंती, भीक मागशील. बघच म्हणावं! स्टुडिओ गिंडीत, खाली लेथचा कारखाना. अल्बम पाच वर्षं रखडलाय. बास गिटारवाला भांडून गेला, आधीचा ड्रमर कार्तिकेय वारला. बँडचा कर्ताधर्ता व्यासराज तंजावरचा मराठी. बखर वाचल्यासारखा बोलतो, पण माणूस गोड. कॉफी पाजून एकच ताकीद दिली. ठेक्याची क्लिक देणारं जुनं यंत्र कधीच बंद करायचं नाही. त्याला स्वतंत्र इन्व्हर्टरसुद्धा आहे. काय हे चोचले!

५ जून
हेडफोनमध्ये क्लिक, तिच्यावर मी. झकास वाजलं. तर व्यासराजने पुरं झालेलं गाणं पुसूनच टाकलं! गायिका सहाना माईक आपटून निघून गेली. अशाने अल्बम होणार कधी?

९ जून
क्लिक खोलीवरही ऐकू येते. मेट्रोतसुद्धा. सहज नाडी धरली, तर ती क्लिकवरच. जिना धावत चढले, तरी तेवढीच.

१० जून
संथ गाण्यासाठी व्यासराजने क्लिकची गती उतरवली आणि मी स्टुलावरून कोसळले. शुद्धीवर आले तर तो रडत होता. कार्तिकेयचं शेवटचं गाणं झालं, यंत्र बंद केलं आणि तो बसल्या जागी गेला म्हणे. मग मला कशाला बोलावलं, मेल्या? तर म्हणे, तो यंत्रामुळेच गेला हे पुरतं खरं वाटत नव्हतं. आता वाटतं. अल्बम पुरा झाला की पैसे घालणारे सगळी यंत्रं उचलून नेणार, म्हणून गाणी पुसत बसतो.

१२ जून
आईला फोन केला. हवापाण्याचंच बोलले. खूप भीती वाटतेय.

१४ जून
दारावर नोटीस. उद्या दुरुस्तीसाठी दुपारपर्यंत वीज बंद. इन्व्हर्टरची बॅटरी फुगलीय. व्यासराज जनरेटर शोधायला गेलाय.

१५ जून
वीज गेली. यंत्र बॅटरीवर चालू आहे.

व्यासराजचा फोन. जनरेटर मिळाला, पण टेम्पो पुलावर अडकलाय —

लाल दिवा. क्लिक हळू झाली. बोटं गार —

आई फोन उचलत नाही. देवळात गेली असेल —

खाली टेम्पो थांबला. जिन्यात व्यासराज ओरडतोय, आलो, आलो. एक क्लिक. अजून एक. अजून